खुडलेल्या मिरच्या

ताई, ड्युटीवरून आलीस की वर जाऊ नकोस. म्हणूनच ही चिठ्ठी खालच्या काकूंकडे ठेवतेय. सकाळी छकुलीला शाळेत सोडून आले आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेले, तर झाडांवर एकही लाल मिरची नव्हती. सगळ्या कात्रीने कापलेल्या, बोटभर देठ ठेवून. अशा फक्त भावजीच कापतात. दाराचं कुलूप तर धड होतं, म्हणजे एक किल्ली त्यांच्याकडे अजून आहे. "पोरीला घेऊन जाईन," म्हणाले होते ना? पोलिसांना फोन केलाय. छकुलीला शाळेतूनच आपल्या आत्याकडे नेतेय, तूही थेट तिकडेच ये. निघताना पाहिलं, न्हाणीघराचं दार आतून लावलेलं होतं आणि नळ चालू होता. मिरचीने हात झोंबत असतील.
— धाकटी