दादाने मागितलेलं भाषांतर

ता. ११ फेब्रुवारी
रविवार सकाळ

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझी पाठ कशी आहे? शेक घेतोस, की डॉक्टरांना खोटं पाडायचं चाललंय? माझा घसा शाळेच्या संमेलनानंतर बसला तो अजून बसलेलाच आहे, म्हणून फोन न करता हे मेसेजवरच लिहितेय. खरं कारण तेही नाही. फोनवर तू मला दुसरं वाक्य पूर्ण करू देत नाहीस, आणि या वेळी मला बरीच वाक्यं पूर्ण करायची आहेत.

तुझा मेसेज मिळाला. गोटीच्या नाटकाचा व्हिडिओ तू ऑफिसात दाखवलास, लोक हसून हसून लोळले, आणि आता सगळे विचारतायत की पोरगी जर्मनमध्ये नेमकं बोलते काय, तर मराठीत लिहून पाठव. पाठवते. त्यासाठीच बसलेय. पण आधी मला तुझ्याशी भांडायचंय.

शुक्रवारी प्राचार्यांनी बोलावून घेतलं. समोर पालकांची तक्रार. माझ्या जर्मनच्या तासाला गोंगाट होतो, बाकं सरकवतात, मुलं रंगाने बरबटून घरी येतात, वह्या कोऱ्या. सह्यांमध्ये पहिली सही तुझी. बरं, तेवढ्यावर भागलं असतं, पण खाली तुझा वेगळा अर्जही जोडलेला होता, की गोटीला जर्मन सोडून दुसरा विषय द्यावा. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुमच्या सख्ख्या भावालाच पटत नसेल, तर बाकीच्यांना मी कुठल्या तोंडाने समजावू?" गुपचूप बाहेर आले आणि जिन्यात उभी राहून चडफडले. अर्जावर ते उद्या सही करणार आहेत.

अरे, व्हिडिओ मिरवायचा तू आणि तासही बंद करायचा तूच! तुझं म्हणणं मला तोंडपाठ आहे. नाटकबिटक ठीक आहे, पण त्याने मार्क मिळतात का? मिळतात रे बाबा. पण तेही सोड.

मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून शिकवलं. मुलं पेपरात सुरेख अक्षरात 'माझे नाव अमुक' लिहायची, आणि एकदा खरी जर्मन पाहुणी वर्गात आली, तिने नाव विचारलं, तर सगळा वर्ग फरशी बघत बसला. लाजेने माझं पाणी पाणी झालं. तेव्हापासून मी हे सुरू केलं. आधी मोठ्या खाकी कागदावर ती जागा रंगवायची, म्हणजे दुकान, स्टेशन, स्वयंपाकघर, जे असेल ते. रंगवताना वस्तूंची नावं आपोआप तोंडात बसतात. मग कागद भिंतीला लावून त्यापुढे उभं राहायचं आणि बोलायचं. एकदा टोपी किंवा कोट चढवला की मराठी बंद, मलासुद्धा. घुम्या मुलांना हे फार मानवतं. बोलतो तो कोट, आपण नाही, असं त्यांना वाटतं.

गोटी अशीच. 'आमची पोरगी शहाणी, उलटून बोलत नाही' असं तू चारचौघांत सांगतोस ना? माझ्या वर्गात ती पहिले कित्येक महिने फक्त मान हलवायची. एक दिवस तिने तिकीट तपासनिसाची टोपी घातली आणि एका आडदांड पोराला असं काही झापलं, की तो खरंच खिसे चाचपायला लागला. मी आत्या आहे तिची. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

तर नाटक. मूळ धडा पुस्तकातलाच आहे. बाबा संध्याकाळी घरी येतात, आई हसते, मुलं धावत जातात. इतका मिळमिळीत धडा की शिकवताना मलाच झोप येते. मी म्हटलं, तुम्हाला माहीत असलेल्या घरासारखा करा. गोटीने बाबांचं काम मागून घेतलं आणि संवादही तिनेच लिहिले. तिच्या गटातली चष्मेवाली आई झाली, आणि नुकताच आवाज फुटलेला तो ताडमाड मुलगा केसांना रिबिनी बांधून छोटी मुलगी झाला. निम्मा हशा त्याच्या रिबिनींचा होता.

घे आता तुझं भाषांतर.

आई म्हणते, "बाबा आले. टीव्ही बंद कर."

गोटी आत येते, हातातलं घड्याळ काढते, टेबलावर ठेवते. "हे बूट इथे कुणी ठेवले?"

आई आणि छोटी एकमेकींकडे बघतात.

"मी काहीतरी विचारतोय."

"मी उचलते," आई म्हणते.

"तुला विचारलं का?"

इथे तो ताडमाड टेबलाखाली शिरतो आणि त्याचे पाय बाहेर राहतात. तुझ्या व्हिडिओत इथे कॅमेरा हललाय, कारण तू हसत होतास. मग बाबा जेवायला बसतात. "घरातलं मीठ संपलंय का?" आई मीठ आणायला उठते. "बस. आता काय उपयोग?" मग दोन बोटं टेबलावर वाजवत, "मी आलो की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप का लागतं? बोला की काहीतरी!" टेबलाखालून छोटी बोलायला तोंड उघडते, तर लगेच, "मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही."

दादा, अजून ओळखलं नाहीस?

सभागृहात सगळ्यांनी ओळखलं. जर्मनचं एक अक्षर न येणाऱ्यांनी ओळखलं. तुमच्या शेजारच्या काकूंनी हळूच वहिनीकडे पाहिलं. वहिनी मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होती, लावत होती. आणि तू मांडीवर थाप मारून शेजारच्याला सांगत होतास, "माझी मुलगी! काय खडूस बाप उभा केलाय बघा!" तुझं ते कौतुक इतकं खरं होतं, की मला तुझा धड रागही येईना.

तू म्हणशील, मी काय केलं? कधी हात उचलला? नाही उचललास. तिला काही कमी पडू दिलंस? नाही. अण्णांनी तरी आपल्यावर कुठे हात उचलला होता? पण त्यांनी घड्याळ काढून ठेवलं की तू माझं मनगट धरून मला मागच्या खोलीत न्यायचास आणि दार लोटून घ्यायचास. मला तू होतास. तिला कोण आहे?

पहिल्या तालमीतच मला सगळं दिसलं. मी तिला अडवलं नाही, आणि त्याबद्दल तुझी माफीही मागणार नाही.

आता शेवटचं वाक्य. व्हिडिओत ते ऐकू येत नाही, तुझ्या हसण्याखाली दबलंय. बाबा हात धुवायला आत जातात. छोटी टेबलाखालून डोकं काढते आणि आईला विचारते, "बाबा परत कामावर कधी जातील?"

हे वाक्य पुस्तकात नाही. गोटी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, हे जर्मनमध्ये कसं म्हणायचं?" मी विचारलं, "कोण म्हणणार आहे?" म्हणाली, "छोटी मुलगी. ती फार लहान आहे ना, म्हणून." मी सांगितलं. तिने ते पुटपुटत पाठ केलं, मग त्या ताडमाडाकडून घोटून घोटून करून घेतलं. त्याचा सूर रडका लागला की त्याला थांबवायची. म्हणायची, "असं नाही. तिला नुसतं माहीत करून घ्यायचंय."

ऑफिसात काय सांगायचं ते तुझं तू बघ. पण उद्या सकाळी शाळेत जाऊन तो अर्ज मागे घे. जे तिला घरात बोलता येत नाही, ते बोलायला तिने एक आख्खी परकी भाषा शिकायला घेतलीय, दादा. तेवढी तरी तिच्याकडे राहू दे.

रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी