चाखलेला अर्क

३ डिसेंबर, सौंसर
बोट पिंपात बुडवून तोंडात घातलं. तोंड वाकडं झालं आणि सगळे हसले. संत्र्याच्या सालींचा अर्क, नसांच्या औषधासाठी. तो तपासायला मी आजच नागपूरहून आले. मालक भैय्याजी म्हणाले, चाखल्याशिवाय बागेतून संत्रं जात नाही, अर्कही जाणार नाही. रोज कुणीतरी चाखायचाच. आता ते काम माझं. पिंप ढवळणारा गुणवंता म्हणाला, "नागपूरची जीभ लय नाजूक दिसून राहिली, मॅडम."
अंगणापलीकडची माझी खोली उजेडाची आहे. जमेल.

५ डिसेंबर
बोकडाच्या मेंदूतल्या मज्जापेशी नागपूरहूनच काचेच्या बशांत वाढवून आणल्यात. पेरॉक्साइड टाकलं की त्या गंजल्यासारख्या मरतात. आधी अर्क दिलेल्या जगल्या. म्हणजे सालीतली, हा गंज रोखणारी अँटिऑक्सिडंट काम करतात. भैय्याजींनी पेढे वाटले.
अर्क चाखला. कडू.

८ डिसेंबर
पेरॉक्साइड दुप्पट केलं, मग चौपट. पेशी मरत नाहीत. बशीच्या काठावरून पांढरे तंतू उतरलेत, शिजलेल्या शेवयांसारखे. झाकण काढलं तर खाटकाच्या ओट्याचा वास, त्यावर संत्र्याचा.
चाखला. किंचित खारट.

१० डिसेंबर
वापरलेल्या पेशी जाळायच्या म्हणून बाजूला ठेवलेल्या बशा रिकाम्या. गुणवंताला विचारलं.
"इतका महागाचा अर्क त्यात, कायले जाळता? मी त रोज पिंपातच ओतून राहिलो."
रोज. त्याच पिंपातलं मी रोज—
दोनदा ओकले. तोंड धुतलं. खारट गेलं नाही.

११ डिसेंबर
पिंपात वाकून पाहिलं. साली पांढऱ्या तंतूंनी एकमेकींना शिवल्यासारख्या. चिमटा टोचला. अख्खा थर आक्रसला, गोगलगायीसारखा. त्याच क्षणी माझी जीभही—
भैय्याजी म्हणाले, फेस असेल. माल परवा जायचा आहे.

१२ डिसेंबर
दात घासताना जिभेखाली पांढरा तंतू. संत्र्याची शीर वाटली. ओढला. वीतभर आला. अजून— ओला, गरम. जिभेच्या मुळातून येतोय. तोडायला गेले. अंगणापलीकडे पिंप गदगदा हललं.
सोडून दिला. गिळला.

१३ डिसेंबर, सकाळ
दार लावून बसले. चाखायला गेले नाही. आठ वाजता गुणवंतानं पिंपात लाकूड घातलं. खिडकीतून नंतर दिसलं, आधी जिभेवर कळलं. ओलं लाकूड, गोल फिरणारं. मग थांबलं. माझ्याऐवजी तोच चाखणार. बोट आलं. तंबाखू, चुना, नखातला मळ. सगळं माझ्या तोंडात. ओरडायचं आहे, जीभ हलत नाही. आता तो बोट त्याच्या तोंडा—