डिसेंबरातला पंखा

४ डिसें., गुरु.
कळमन्याच्या बाजारात जाताना सगळे मफलरीत, मी घामात. घरी येऊन पंखा लावला तर सौ. ब्लँकेटमधून ओरडली, "डोकं फिरलं काय तुमचं? थंडी किती पडून राहिली!" पुडाच्या वड्या पोटभर खातो, तरी पँट ढिली. खाल्लेलं जातं कुठं?

७ डिसें., रवि.
विहारात आज माझी पाळी. मेणबत्ती लावताना हात असा थरथरला की काडीच विझली. मग पंचशील. पाचव्यावर, दारूपासून दूर राहण्याच्या शीलावर, मागे कोणीतरी मुद्दाम खाकरलं. मी, ज्यानं आयुष्यात थेंब घेतला नाही! असा राग आला की... हल्ली रागही फार लवकर येतो.

८ डिसें.
सौ.ने दारातच तोंडाचा वास घेतला. "वास नाही, तं हात काहून थरथरून राहिले? डोळे पहा आरशात, कसे वटारल्यासारखे बाहेर आले. माह्या बाबाचे असेच झाले होते." तिचे वडील दारूनं गेले, ती शाळेत असताना. आता काय, शपथ घेऊ? ती तर काल सगळ्यांसमोर घेतली.

११ डिसें.
झोप नाही. बसल्या जागी छातीत धडधड. हार्ट असेल. की चिंता? सौ. पोळ्या करते, ताट वाढत नाही. चोरी केलीच नाही आणि शिक्षा मात्र...

१३ डिसें.
धरमपेठेत डॉक्टरबाईंकडे. पसरलेल्या बोटांवर कागद ठेवला; तोही थरथरला. गळा चाचपला. "थायरॉईड जास्त काम करतोय असं वाटतं. रक्त तपासू." म्हटलं, "मॅडम, थायरॉईडनं तर माणूस जाड होते नं? माझी मेहुणी पहा." हसल्या. "त्यांचा मंद असेल. तुमचा सुसाट."

१५ डिसें.
रिपोर्ट आला. थायरॉईडच. कशामुळे, ते अजून शोधायचंय. पास झाल्यासारखा सौ.पुढे धरला. तिने वाचला, घडी केली, पुन्हा उघडला. वाटलं, आता हसेल.
"बाबाले कोणी तपासाले नेलंच नाही."
"ते पेत होते नं वं?"
"लोक म्हणत. मी कधी वास घेतला नाही. जवळच जात नव्हती मी त्यायच्या."
रडली. पंखा बंद केला, शेजारी बसलो. तिच्या बाबांनाही हेच झालं असेल का, डॉक्टरबाईंना विचारीन म्हणतो. पण गेलेल्या माणसाचं आता काय विचारायचं, आणि त्या 'हो, असू शकेल' म्हणाल्या तर हिला येऊन...