ढिपण जरा कमी आहे

खोपट, ठाणे
मंगळवार

प्रिय क्षिप्रा,

आधी माझ्या अक्षराला नावं ठेवून घे. स्ट्रोकनंतर वाचताना तुला ओळी हलताना दिसतात असं श्रिया म्हणाली, म्हणून हे पत्र तिनेच मोठ्याने वाचायचं ठरलंय. श्रिया, बाळा, मावशीचा एखादा शब्द लागला नाही तर अंदाजाने पुढे जाऊ नकोस, सरळ मला फोन कर. आणि बाबालाही शेजारी बसव. टीव्ही बंद करून.

आमच्याकडची बातमी अशी की आमची सोसायटी एकदाची रिडेव्हलपमेंटला निघाली. गेल्या आठवड्यात बिल्डरचा माणूस आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात लॅपटॉप, आणि तोंडात नुसतं कारपेट, बिल्टअप आणि फंजिबल. आमचे झाडून सगळे सभासद गंभीर चेहऱ्याने माना डोलावत होते. तळमजल्यावरचे आजोबा तर कानाचं मशीन न लावताच डोलावत होते. मला राहवेना. मी हात वर केला आणि विचारलं, की या सगळ्यात आम्हाला ढिपण किती मिळणार? तो लॅपटॉपमध्ये बघून म्हणाला, “मॅडम, ढिपण स्टँडर्डच आहे, सगळ्यांना सेम मिळेल.” वर सेक्रेटरींनी ते मिनिट्समध्येसुद्धा घेतलं. पुढची सगळी मीटिंग मी रुमालात तोंड खुपसून बसले होते, आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, याचं मला भयंकर वाईट वाटलं.

श्रियाला यातलं काही कळायचं नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगते. श्रिया, तुझ्या आईने आणि मी कॉलेजात अभ्यास कमी आणि उद्योग जास्त केले. टेंभी नाक्यावर एका बंद शटरसमोर आम्ही दोघी उगाचच रांगेत उभ्या राहायचो. थोड्या वेळाने मागे माणसं लागायची. एकदा तर मागे मारामारी व्हायची वेळ आली, तेव्हा आम्ही हळूच सटकलो. कशाची रांग आहे हे कुणीही विचारलं नव्हतं. त्यावरून तुझ्या आईच्या डोक्यात ढिपण आलं. ढिपण म्हणजे काहीही नाही. हा शब्द तिने कँटीनमध्ये बसल्या बसल्या बनवला. वडा चाखून, कपाळाला आठी घालून ती कँटीनवाल्या भाऊला म्हणाली, की आज वड्यात ढिपण जरा कमी आहे. भाऊ बिचारा खजील झाला. म्हणाला, “नाय ओ ताई, टाकलंय ना बराबर. उद्या अजून टाकतो.” आणि दुसऱ्या दिवशी लांबूनच ओरडला, “ताई, आज ढिपण फुल्ल!” खरं सांगते, वडा खरोखरच चांगला झाला होता.

मग काय, आम्ही सुटलोच. लायब्ररीत ढिपणावरचं पुस्तक मागितलं, तर बाई म्हणाल्या की ते इश्यू झालंय, पुढच्या आठवड्यात बघा. अर्थशास्त्राच्या तासाला क्षिप्राने उभं राहून विचारलं, की सर, पण यात ढिपणाचा विचार केलेला दिसत नाही. सर म्हणाले, उत्तम प्रश्न, पण तो आपल्या सिलॅबसमध्ये येत नाही. नियम एकच होता, हसायचं नाही आणि बाहेरच्या कुणाला गुपित सांगायचं नाही. आणि कळलं नसताना मान डोलावणाऱ्या माणसाला आम्ही एक नाव ठेवलं होतं. ढिपणूस. हे नाव फक्त आम्हा दोघींचं. कॉरिडॉरमधून कुणी माना डोलावत चाललं की एकमेकींच्या कानात पुटपुटायचं आणि पळत सुटायचं.

क्षिप्रा, तुला पाहायला आले तेव्हाचे पोहे आठवतात? मी मैत्रीण म्हणून मुद्दाम हजर होते. तू बशा फिरवल्यास आणि अगदी सालस चेहऱ्याने म्हणालीस, की पोह्यांत आज ढिपण थोडं कमी पडलंय, सांभाळून घ्या. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, छे छे, अगदी बेताचं आहे. सासरे म्हणाले, आम्हाला कमीच लागतं. आणि केदारने चमचा खाली ठेवून विचारलं, ढिपण म्हणजे काय? तू त्याला आमच्याकडचा एक मसाला आहे म्हणून वाटेला लावलंस, पण आत येऊन माझा दंड धरलास आणि म्हणालीस, “रसिका, हा चालेल.” पत्रिका, पगार, ठाकुर्लीचा ब्लॉक, हे सगळं मोठ्या माणसांनी नंतर पाहिलं. तुझं लग्न त्या चमच्यापाशीच ठरलं होतं. पुढे कधीतरी तू त्याला खरं सांगितलं असशील, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. नाही सांगितलंस. आपला नियम तू संसारातही पाळलास, हे मला परवाच्या रविवारी तुमच्याकडे आले तेव्हा कळलं.

तू बाल्कनीजवळच्या खुर्चीत होतीस. उजवा हात मांडीवर, केसांना श्रियाने घातलेली वेणी. तू मला बघून काहीतरी म्हणालीस आणि श्रिया लगेच आत ओरडली, “आजी, आई परत दीप म्हणतेय!” मग सासूबाई भर दुपारी समई लावून घेऊन आल्या आणि तुझ्यासमोर ठेवून त्यांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला सांगायला लागल्या, की हिला देवाचीच ओढ लागलीय, दिवसभर दीप दीप करते, म्हणून मी वातीला खंड पडू देत नाही. तू डाव्या हाताने ती समई अशी ढकललीस की तेल चादरीवर सांडलं. आणि माझ्याकडे रोखून बघत तू तो शब्द पुन्हा म्हणालीस. अर्धवट, शेवटची अक्षरं घशातच राहिलेली. पण या वेळी मला तो ऐकू आला. दीप कसलं! ढिपणूस!

मी खदाखदा हसले. सांडलेलं तेल, रडणाऱ्या सासूबाई, आणि मी पोट धरून हसतेय. श्रिया, त्या वेळी तू माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलंस ती मी विसरलेले नाही, आणि तुझं काही चुकलंही नाही. केदार मला स्वयंपाकघरात घेऊन गेला. म्हणाला, “शब्दच उरले नाहीत गं तिच्याकडे. एकच धरून बसलीय, आणि दिवा आणला की तोही तिला नको असतो. स्पीच थेरपीच्या प्रीतीबाईंना पुढच्या महिन्यापासून नका येऊ म्हणून सांगणार आहे. उगाच तिचे हाल कशाला?” मला त्याला तिथल्या तिथे सगळं सांगायचं होतं. पण हसू थांबलं आणि रडू आलं, आणि मी चपला घालून निघाले.

घरी आल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. कॉलेजात असताना वाटायचं, लोक आपण अडाणी ठरू म्हणून घाबरून माना डोलावतात. आता या वयात कळतंय की माणसं मायेनेही डोलावतात. समोरच्याला बोलायला त्रास होतोय, मग कशाला ताणा, हो हो म्हणून टाका. बिल्डरच्या माणसाला आपण फसवतो ते ठीक आहे, त्याचं त्यात काही जात नाही. पण तुझ्यासारखीने सगळा जीव गोळा करून दोन शब्द बाहेर काढायचे आणि घरातल्या प्रत्येकाने प्रेमाने मान हलवून तिच्यापुढे दिवा ठेवायचा, याच्याइतकं एकटं काय असेल? मी तुझ्या जागी असते तर समई फेकूनच मारली असती.

केदारला हे फोनवर सांगता आलं असतं. पण तो बरं बरं म्हणाला असता आणि फोन ठेवला असता, म्हणून हे तुझ्यादेखत वाचलं जायला हवं होतं. केदार, तिचे शब्द गेलेले नाहीत. ती तुम्हाला सगळ्यांना नावं ठेवतेय, आणि अगदी अचूक ठेवतेय. प्रीतीबाईंना येऊ दे. आणि क्षिप्रा, एक गोष्ट मी वर गाळली. श्रियाने आजीला हाक मारली त्याच्या आधी तू माझं मनगट धरून मला काहीतरी सांगितलं होतंस. बराच वेळ, थांबत थांबत, घाम येईपर्यंत. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. मी म्हणाले, हो गं, हो, सगळं नीट होईल. तू माझं मनगट सोडलंस आणि मग तो शब्द म्हणालीस. तो मला होता. इतक्या वर्षांत तू मला हे नाव कधी ठेवलं नव्हतंस, आणि या वेळी मी त्याच लायकीची होते. येत्या रविवारी सकाळीच येते आणि दिवसभर बसते. तू काय सांगत होतीस ते मला कळलेलं नाही, क्षिप्रा. पुन्हा सांग.

तुझीच, शेजारच्या खुर्चीवरची
रसिका