बहुमताने सुरक्षित

७ जुलै, सकाळी
स्वयंपाकघरात छताचा तुकडा पडला. पोळपाटाएवढा असेल, उगाच वाढवून सांगण्यात अर्थ नाही. ताबडतोब स्टुलावर चढून पाहणी केली. सळई दिसते आहे, किंचित गंजलेली. गंज हा लोखंडाचा स्वभावच आहे. सरकारी खात्यात जन्मभर पूल आणि मोऱ्या बांधल्या, मला घाबरण्याचं कारण नाही. श्यामला ओट्यापाशी खाली बसून काहीतरी सांगत होती. म्हटलं, थांब, आधी मला बघू दे.

त्याच दिवशी, दुपारी
श्यामला ऋचाकडे वाघोलीला गेली. आठ दिवस लेकीकडे राहते म्हणाली. उत्तम. तेवढ्यात प्लास्टर उरकतो. परत आली की छत ओळखणार नाही.

१२ जुलै
प्लास्टर झकास झालं. वर पांढरा रंग. सोसायटीचा अध्यक्ष या नात्याने मग सगळ्या इमारतीचीच पाहणी केली. पार्किंगमधल्या एका कॉलमला उभी चीर आहे. तिच्यावर आडवी काचपट्टी चिकटवली. शास्त्रशुद्ध पद्धत आहे: चीर वाढली तर काच तडकते, नाही तडकली तर लोकांची तोंडं बंद. श्यामलाला छताचा आणि काचेचा, दोन्ही फोटो पाठवले. तिने बघितले. उत्तर नाही. कामात असेल.

१९ जुलै
काच तडकली. काचच हलकी होती. शिवाय शेजारच्या प्लॉटवर बोअर खणतायत, सगळी बिबवेवाडी हादरतेय. जाड काच आणून लावली.
संकल्प: गणपतीच्या आत श्यामला घरी.

३ ऑगस्ट
जाड काचही गेली. पार्किंगमध्ये मुलं क्रिकेट खेळतात. क्रिकेट बंद केलं.
ऋचा येऊन आईच्या साड्या, पोथी आणि स्वेटर घेऊन गेली. ऑगस्टात स्वेटर कशाला? वाघोलीला वारं फार असणार. निघताना म्हणाली, बाबा, तुम्ही एकदा येऊन आईशी बोला. म्हटलं, इमारतीचं मार्गी लागू दे, मग येतोच. मोकळ्या हाताने काय बोलायचं?

२९ ऑगस्ट
दीड दिवसाचा गणपती झाला. मोदक मंडईजवळून विकत आणले. बाप्पाने तक्रार केली नाही. श्यामला आली नाही, विसर्जनाच्या गर्दीला ती घाबरते. आरती एकट्याने म्हटली. टाळ्या आणि घंटा एकाच वेळी जमत नाहीत.
काच तडकली. ढोल.

५ सप्टेंबर
यश! काचेऐवजी प्लास्टिकची पट्टी लावली. लवचिक असते. आठवडाभरात अजिबात तडकली नाही. इमारत स्थिर आहे. पार्किंगमध्ये पाटी लावली: “इमारत सुरक्षित आहे. सभासदांनी उगाच वर बघत चालू नये. – अध्यक्ष.” संध्याकाळी बघतो तर खाली कोणीतरी लिहिलंय, “खाली बघितलं की कॉलम दिसतो.” अक्षर तळमजल्यावरच्या रंगरावांचं. जन्मभर किराणा दुकान चालवलेला माणूस, स्ट्रक्चरमधलं काय कळणार?

१४ सप्टेंबर
रंगरावांनी सह्या गोळा करून स्ट्रक्चरल ऑडिटसाठी इंजिनिअर बोलावली. सुरुची नाव. वय ऋचाएवढं. हातोडीने कॉलम ठोकत फिरली. म्हणाली, सर, आवाज बद्द येतोय, आतलं काँक्रीट सुटलंय. म्हटलं, वयानुसार सगळ्यांचाच आवाज बसतो. माझी प्लास्टिकची पट्टी बराच वेळ बघत राहिली. ही कोणी लावली, विचारलं. मी, म्हटलं. वहीत टिपून घेतलं. प्रभावित झाली असावी.

२८ सप्टेंबर
विशेष सभा, पार्किंगमध्ये. सुरुचीने सांगितलं की ताबडतोब जॅक लावून कॉलमना आधार द्या आणि दुरुस्ती होईपर्यंत इमारत रिकामी करा. लोक घाबरले. मी माझा अनुभव सांगितला. मग लोकशाही मार्गाने मतदान घेतलं. इमारत बहुमताने सुरक्षित ठरली. घर सोडायचं कोणाला असतं?
सुरुचीने विचारलं, सर, हा ठराव कॉलमला कळवणार का? विनोदी मुलगी आहे.
श्यामलाला फोनवर बहुमताची बातमी दिली. म्हटलं, आता यायला हरकत नाही. म्हणाली, बरं झालं. ठेवते, कुकर लावलाय.
“बरं झालं” म्हणाली. म्हणजे येणार.

२१ ऑक्टोबर
उद्या पाडवा. लग्नापासून एकही पाडवा औक्षणाशिवाय गेलेला नाही. तिच्यासाठी साडी आणली. दुकानातल्या मुलीने रंग विचारला. श्यामलाला कोणता रंग आवडतो ते ऐन वेळी आठवेना. निळा घेतला. निळा सगळ्यांना आवडतो.

२२ ऑक्टोबर, सकाळी
अभ्यंगस्नान केलं. पाट मांडला. निरांजन शोधून घासलं, वात घातली. झब्बा घालून तयार आहे. नगर रोडला सणाचं ट्रॅफिक असणार.

२२ ऑक्टोबर, दुपारी
आली नाही. ऋचाला फोन केला. जरा रागावूनच म्हटलं, वर्षाचा सण आहे, आईला कळत नाही का? ऋचा म्हणाली, बाबा, आईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. स्लॅबचा तो तुकडा तिच्या खांद्यावर पडला होता. जुलैपासून फिजिओथेरपी चालू आहे. ती ओवाळणार कशी?
म्हटलं, मला सांगायला हवं होतं.
ऋचा म्हणाली, सांगितलं होतं की. त्याच क्षणी सांगितलं होतं. तुम्ही स्टुलावर होतात.

२२ ऑक्टोबर, संध्याकाळी
वाघोलीला जायला निघालो होतो. चप्पल घातली आणि परत काढली. काय बोलायचं ते ठरेना. कपाटावरचा जड डबा मी काढून देत नाही म्हणून ती माझ्यावर नेहमी चिडायची. आता तिला कोण काढून देतं? घरात मोठ्याने रडता येतं, कोणी ऐकत नाही. रडलो.
संकल्प: आधी इमारत पक्की करायची. मग तिच्यासमोर जायचं.

१८ नोव्हेंबर
सकाळी अकराच्या सुमारास तो कॉलम फुटला. फटाक्यांची माळ लागावी तसा आवाज झाला. सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी खाली आले. कोणाला लागलं नाही, देवाची कृपा. अग्निशमन दलाने आत जायला मनाई केली. जॅक लागले, तेच, जे सप्टेंबरात लावायचे होते. सुरुचीही आली होती. मला वाटलं आता बोलेल. तिने मला खुर्ची आणून दिली.
कोणीही मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. रंगराव फक्त एवढंच म्हणाले, अध्यक्ष, आता सभा बरखास्त करा.

७ डिसेंबर
जवळच भाड्याने फ्लॅट घेतला. नवी इमारत, भूकंपरोधक वगैरे. सुरुचीला आधी दाखवला, तिने ठीक आहे म्हटल्यावरच घेतला. स्वयंपाकघरात सगळे डबे खालच्या फळीवर लावले. एकही कंबरेच्या वर नाही. आता श्यामलाला न्यायला जाणं एवढंच बाकी.

१४ डिसेंबर
वाघोलीला गेलो. न कळवता. सरप्राइज.
श्यामलाने दार उघडलं, या म्हणाली. चहा केला, कपबशीत, ट्रेमधून. मी खांद्याबद्दल विचारलं. बरा आहे म्हणाली. माफी मागितली. नीट मागितली, मध्ये कारणं सांगितली नाहीत. तिने ऐकून घेतली. मग नव्या फ्लॅटबद्दल सांगितलं: छत कसं आहे, कॉलम कसे आहेत, डबे कुठे लावले.
डबे म्हटल्यावर जरा हसली. म्हणाली, अहो, तुम्ही तिथे सुखरूप राहा. मी इथे रमले आहे. आता मला कोणाच्या मागे लागून सांगायला जमणार नाही.
मी बराच वेळ बसलो. ती घड्याळाकडे बघत नव्हती, पण तिला जायचं होतं हे मला कळलं. कळलं याचं मलाच आश्चर्य वाटलं.
दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, पुढच्या वेळी येताना फोन करून या. दुपारची मी व्यायामाला जाते, हेलपाटा पडेल तुम्हाला.
माझ्या हेलपाट्याची काळजी आहे तिला. रिक्षात हेच मनाला सांगत होतो. स्वारगेट येईपर्यंत सांगून झालं. मग थांबलो. पाहुण्यांना सांगतात तसं सांगितलं तिने.
उद्या फोन करावा म्हणतो. किती वाजता केलेला चालेल, ते विचारायचं राहिलं.