तांबडा चिखल

१२ मे
आज सोलापुरात कामावर रुजू झाले. शुक्रवार पेठेत माडीवरची खोली मिळाली, हवेशीर आहे. खाली घरमालकीण कमलम्मा एकट्याच राहतात. त्यांनी भाकरी आणि शेंगाचटणी आणून दिली, काम काय करता विचारलं. पूर कुठवर येईल ते संगणकावर काढते, म्हटलं. त्या म्हणाल्या, "आधी नळाला पाणी कधी येतंय ते सांगा की बाई." सुबोध गेल्यापासून आज पहिल्यांदा हसले.

१५ मे
ड्रोनने मोजलेली जमिनीची उंची आणि पावसाचे आकडे भरले की प्रोग्रॅम पूररेषा काढतो. ओढ्याकाठचे नवे प्लॉट सगळे निळ्या पूररेषेच्या आत आले. आमचे इंद्रजीत सर म्हणाले, रेषा मागे घ्या, प्लॉट विकले गेलेत. मी आकड्यांचा कागद त्यांच्यापुढे सरकवला तेव्हा ते हसले. "रेघच आहे मॅडम. पाणी काय तुमचा नकाशा बघून येतंय व्हय?"
कोकणात घाटाखाली आमचं घर होतं. तेही कुणीतरी नकाशावर असंच सुरक्षित रंगवलं होतं. दरड आली तेव्हा सुबोध घरात होता. माझा नवरा तांबड्या चिखलाखाली गेला आणि हे म्हणतात रेघच आहे.

१८ मे
नकाशावर सही करायला नकार दिला. सरांनी माझ्याच खुर्चीत बसून रेषा सरकवली. सही तुमचीच लागेल म्हणाले. ते गेल्यावर मी जुळे सोलापुरातल्या त्यांच्या बंगल्याभोवती पूररेषा ओढली आणि सेव्ह केली. पोरकटपणा झाला. पण बरं वाटलं.

१९ मे
सर आले नाहीत. रात्री त्यांच्या बंगल्यात छातीभर पाणी शिरलं. आई गोदावरीबाई खालच्या खोलीत अंथरुणाला खिळून होत्या. त्या गेल्या. शेजारची अंगणं कोरडी. पाऊस नाही. ऑफिसातल्यांबरोबर मीही भेटून आले. इथली माती काळी असते. भिंतींवरचा चिखल तांबडा होता.

२० मे
नकाशावरची ती बंगल्याची रेषा पुसली. पुन्हा उमटली, आणखी मोठी. शहराकडे निघाली आहे. मी शांत बसले की थांबते. दुपारी सरांचा फोन आला. आईचा दहावासुद्धा झाला नाही आणि विचारतात, सही केली का. डोकं भणभणलं. रेषा दोन गल्ल्या पुढे —

२१ मे
रेषा आमच्या पेठेत आली. कमलम्मांना घर सोडा म्हटलं. त्या म्हणाल्या, "एवढ्या उन्हाचं कुटं जाऊ? तुमीच डोक्यावर पाणी मारा, पडा जरा."

दुपार
खाली तांबडं पाणी. कमलम्मा हाका मारतायत. त्यांचं दार फुगलंय, खाली जाऊन ओढलं, निघत नाही. रागवायचं नाही. लिहीत राहिले की राग बसतो. पाणी थांबलंय.
सरांचा विचार नको. फक्त सुबोध. त्याचं हसणं. त्याचे हात. त्याचं तोंड — मी बोटांनी चिखल काढत होते आणि पाहणीला आलेला अधिकारी छत्री धरून म्हणत होता, हे घर धोक्याच्या रेषेच्या बाहेर आहे, रेषेच्या —