सर अँब्रोजनी न दिलेलं मत

लंडन,
५ मार्च १८२७

चि. लेटिस हीस डोरोथिया आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या वडिलांच्या पायाच्या अंगठ्याची एवढी साग्रसंगीत हकिगत मी मागितली नव्हती, पण आता तीच साऱ्या लंडनला ऐकवत फिरते आहे, कारण सगळं त्या अंगठ्यावर अडलं आहे. पुढच्या मंगळवारी संसदेत धान्याच्या जकातीवर मतदान आहे आणि दोन्ही पक्ष अगदी तोलाचे आहेत. जकात टिकवू पाहणारी आपली टोरी मंडळी दादाच्या वाटेकडे डोळे लावून बसली आहेत. इकडे डॉक्टर म्हणतात, या रस्त्यांवर दोन दिवस गाडीचे हादरे बसले तर वात छातीत चढेल. मला आता हा एकच भाऊ उरला आहे आणि जकातीपायी तो गमावायची माझी तयारी नाही.

म्हणून मी परस्पर त्याच्या नावाने जोडी लावून टाकली आहे. त्या दिवशी दादाने मत द्यायचं नाही, समोरच्या पक्षातल्या एकानेही द्यायचं नाही, म्हणजे कुणाचंच पारडं हलायला नको. कागद नाही की साक्षीदार नाही, नुसता शब्द. पण तो मोडणाऱ्याला पुन्हा कुणी जेवायला बोलावत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

इतक्या अटीतटीच्या वेळी समोरचा एकही व्हिग तयार होईना. शेवटी तयार झाला तो जॅस्पर रोल्स्टन. हो, तोच. नाताळात तुला मागणी घालायला आला आणि व्हिग जावई करणं म्हणजे कोल्ह्याच्या हाती खुराड्याची किल्ली देणं, असं दादाकडून ऐकून परत गेला तो. बिचाऱ्याचं सभागृहातलं हे पहिलंच मत होतं. ज्या काकांच्या जोरावर निवडून आला, ते आता त्याच्याशी बोलेनासे झाले आहेत.

दादाला हे सांगायचं काम तुझं. जेवण झाल्यावर सांग, आधी नको. आणि नाव घेताना जरा बेताने.

आत्यावरचा लोभ वाढवला नाहीस तरी चालेल, आहे तो कमी करू नकोस.

तुझी आत्या,
डोरोथिया


हॅडस्बी, लिंकनशायर,
९ मार्च

ती. आत्यास लेटिसचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी आनंद झाला आणि मग रडू आलं. जॅस्परने हे कुणासाठी केलं ते मला कळतं, पण त्याची किंमत त्याने एकट्याने का मोजावी?

बाबांना अजून सांगितलेलं नाही. परवा जेवणानंतर अगदी तोंडाशी आलं होतं, तेवढ्यात वर्तमानपत्रात जॅस्परचं नाव दिसलं म्हणून त्यांनी उशी भिरकावली. ती लागली स्टुलाला, स्टुलावर पाय, आणि मग जे काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. काल सूप पातळ होतं म्हणून दिवस फुकट गेला. आज काठी टेकत जिन्यातल्या आजोबांच्या तसबिरीपुढे उभे राहून सांगत होते की धान्याच्या मतदानाला आपल्या थॉर्ली घराण्यातला माणूस घरी बसल्याचं तीन पिढ्यांत कुणी ऐकलेलं नाही.

आत्या, तुम्हाला म्हणून सांगते. लग्न केलं तर जॅस्परशीच करीन. पण बाबांनी हो म्हटल्याशिवाय या घराबाहेर पाऊल टाकणार नाही. आई गेल्यापासून त्यांना माझ्यावाचून आहे कोण? म्हणून त्यांना दुखवायला जीव होत नाही. रविवारी चर्चहून आल्यावर मन मऊ असतं, तेव्हा नक्की सांगते.

इकडची काळजी नसावी असं लिहायची रीत आहे, पण ती थोडी असावी.

तुमची,
लेटिस


हॅडस्बी,
१२ मार्च, सकाळ

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

घात झाला. काल बाबांकडे पाहुणे येऊन बसले, ते हलेचनात, आणि माझं सांगायचं राहिलं. आज उठून पाहते तो बाबा पहाटेच लंडनला निघून गेलेले. दोन गड्यांनी खुर्चीसकट उचलून गाडीत घातलं, पाय लोकर भरलेल्या टोपलीत. मला उठवू नका, पोरगी उगीच रडेल, असं सांगून गेले म्हणे.

त्यांना जोडीतलं काहीच ठाऊक नाही. ते सरळ आत जाऊन मत देतील. मग लोक म्हणतील की थॉर्लीने बहिणीच्या हातून एका पोराला बाजूला बसवलं आणि स्वतः गुपचूप येऊन मत टाकलं. बाबांनी आयुष्यात दिलेला शब्द कधी मोडला नाही, आणि हा न देताच मोडला जाईल. त्यानंतर या घरात जॅस्परचं नाव तरी कोण काढणार?

घोडेस्वाराला पुढे पिटाळते आहे. काही करा, पण त्यांना दाराशीच गाठा.

लेटिस


लंडन,
१४ मार्च

चि. लेटिस हीस अनेक आशीर्वाद.

आधी हे सांगते की तुझे वडील जिवंत आहेत आणि माझ्या स्वयंपाकिणीला नावं ठेवण्याइतके ठणठणीत आहेत.

काल आम्ही बायका नेहमीप्रमाणे सभागृहाच्या माळ्यावर, छताच्या धुराड्याभोवती बसलो होतो. खालून मेणबत्त्यांचा धूर आणि पुरुषांची भाषणं सारख्याच प्रमाणात वर येतात. तिथे तुझी चिठ्ठी मिळाली. मी द्वारपालाला जॅस्परकडे धाडलं आणि स्वतः जिना उतरले. दाराच्या आत बाईमाणसाला जाता येत नाही, तेव्हा पायरीवरच उभी राहिले. एवढ्यात दोन हमालांनी दादाची खुर्ची आणली. अंगठा पुढे, दादा मागे.

जॅस्पर दारात उभा होता, तोंड पांढरंफटक. त्याने हळू आवाजात सगळं सांगितलं. दादा असा गरजला की बाहेरचे घोडे बिचकले. माझा शब्द माझ्यामागे देणारा कोण, असं विचारायला लागला. मी पायरीवरून सांगितलं की मी दिला, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन.

तेव्हा जॅस्पर काय म्हणाला ते नीट वाच. म्हणाला की आपल्याला कुणी विचारलं नव्हतं, तेव्हा आपण मोकळे आहात, खुशाल आत जा. मी मात्र समजून उमजून शब्द दिलाय, मी बाहेरच बसणार. आणि हे माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही.

आतून दोन्ही पक्षांचे लोक हाका मारत होते. दादा त्याच्याकडे बघतच राहिला. मला तर वाटलं, वात छातीत चढला. मग म्हणाला, आमच्या घरात बहिणीने दिलेला शब्द भावाचाच असतो, एवढंही तुम्हा व्हिगांना कुणी शिकवलं नाही का? आणि हमालांना खुर्ची फिरवायला सांगितली. मतदानासाठी दारं लागली. दोघेही बाहेर.

दादाचा पक्ष एका मताने हरला.

हे कळल्यावर तो भूक लागली म्हणाला आणि जॅस्परला घेऊन सभासदांच्या खाणावळीत गेला. तिथे काय झालं ते मला ठाऊक नाही. आज विचारलं तर जे काय आहे ते लेटिसलाच लिहीन म्हणून सांगतो. तू धीर धर.

आत्याची आठवण ठेव, शक्यतो चांगली.

डोरोथिया


लंडन,
१५ मार्च

चि. लेटिस हीस आशीर्वाद.

माझ्याच घरात मला न विचारता कारभार चालतो, हे या वयात समजलं. तुला चार दिवस ठाऊक होतं आणि माझ्या एका उशीला भ्यालीस. त्याबद्दल घरी आल्यावर बोलू.

मी एकटा आत गेलो असतो तर मतं समसमान झाली असती. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि तुलाही विसरू देणार नाही.

आता त्या मुलाबद्दल. धान्याच्या बाबतीत त्याचं अज्ञान अथांग आहे. जकात उतरली की गरिबाची भाकरी स्वस्त होईल, एवढं एक वाक्य कुठून तरी पाठ करून आला आहे. मी त्याला कटलेट संपेपर्यंत समजावलं, चीज संपेपर्यंत समजावलं, पठ्ठ्या तसूभर हलला नाही. मध्येच उठून माझ्या पायाखाली उशी सारली, पण तेव्हाही तोंडाने मला खोडून काढणं चालूच होतं. काल सकाळी न्याहारीला आला, आज पुन्हा आला. तुझी आई गेल्यापासून माझं म्हणणं इतकं मन लावून कुणी खोडलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

पण हा वाद आठवड्या-पंधरवड्यात मिटणारा नाही आणि पत्रांतून भांडण्यात चव नाही. त्याला कायमचं हॅडस्बीला आणून ठेवल्याशिवाय गत्यंतर दिसत नाही. त्यासाठी रीतसर मार्ग मला एकच सुचतो. तुला दुसरा सुचत असेल तर उलट टपाली कळव. नसेल तर पाद्रीबुवांना विचारून जूनमधली तारीख धर.

तुझा हरलेला बाप,
अँब्रोज थॉर्ली